माजलगावची ओवी आणि नव्या माध्यमांची पोहोच



नवी माध्यमे असे म्हणताना त्यात नेमके काय काय धरायचे, हे आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. मजकूर, आवाज, छायाचित्र आणि चलचित्र यांपैकी काहीही अंकरूपात साठवता येते, त्याची दुसरी प्रत काढायला जवळपास काही खर्च येत नाही आणि ज्याच्या हाती फोन आहे तो एकाच वेळी वाचक, श्रोता आणि प्रकाशक होऊ शकतो, अशा सर्व मंचांना येथे नवी माध्यमे म्हटले आहे. संकेतस्थळे त्यात येतात, यूट्यूब, फेसबुक आणि व्हॉट्सअॅपही येतात. या माध्यमांमुळे मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचता येते, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवरही ते माहीत झाले आहे. विचार करण्याजोगा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पोहोचते ते काय? कोणाच्या नावाने पोहोचते? आणि जेथून ते निघाले, तेथे त्यातले काही परत येते काय?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही, कारण माध्यम बदलून श्रोता वाढवण्याचा प्रयोग या जिल्ह्याला नवा नाही. कवी मुकुंदराजांची समाधी याच जिल्ह्यातील अंबाजोगाईत आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधु’ची रचना परंपरेने शके 1110, म्हणजे इ. स. 1188 मधील मानली जाते. ग्रंथाच्या रचनास्थळाविषयी आणि काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, ते येथे बाजूला ठेवू. महत्त्वाची गोष्ट अशी की, संस्कृतात बंदिस्त असलेला अद्वैतविचार मराठीत आणून ज्यांना तो ऐकण्याची सोयच नव्हती त्यांच्यासमोर मांडण्याचे धाडस त्या ग्रंथाने केले. पुढे त्याच अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी (1551 ते 1615) ‘पंचीकरण’ हा वेदान्तविषय कागदावर न लिहिता सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा कापडावर, पासोडीवर, अक्षरे आणि आकृत्या यांची सांगड घालून उतरवला. चाळीस फुटांचे कापड उलगडले की ते एकट्याने मांडीवर घेऊन वाचता येत नाही, त्याच्याभोवती माणसे जमावी लागतात आणि आकृतीवर बोट ठेवून कोणीतरी समजावून सांगावे लागते. विषय तोच, पण कापडाच्या आकारानेच त्याचा श्रोता बदलला. ही पासोडी अंबाजोगाईत आजही जपलेली आहे. चार शतकांनंतरही ती पाहता येते, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण टिकण्याचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

मात्र या व्याख्यानाचा मुख्य आधार ग्रंथकर्त्यांचा नाही. तो जात्यावर बसणाऱ्या बायांचा आहे.

पहाटे दळण दळताना म्हटली जाणारी ओवी ही मराठी स्त्रीची शतकानुशतकांची रचना आहे. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, विठ्ठल, पाऊस, दुष्काळ, नवऱ्याचा राग आणि स्वतःच्या देहाचे कष्ट, यातले काहीही तिला वर्ज्य नाही. तिचा श्रोतृवर्ग मात्र अतिशय लहान होता. समोर बसून खुंट्याला हात लावणारी जाऊ किंवा नणंद, कुशीत झोपलेले मूल आणि फार तर भिंतीपलीकडची शेजारीण, एवढेच तिचे श्रोते. एका अर्थाने हेच तिचे बळ होते, कारण कोणी ऐकत नसल्यामुळेच जे चारचौघांत बोलता येत नव्हते, ते जात्यावर बोलता येत होते. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांच्या मनगटांची आणि खांद्यांची मोठ्या कष्टातून सुटका झाली आणि त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु जाते थांबले तेव्हा ओवी म्हणण्याचे निमित्तही थांबले. ओव्या बायांच्या स्मरणात राहिल्या, त्यांच्या मुलींच्या स्मरणात मात्र त्या उतरल्या नाहीत.

या टप्प्यावर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोन अभ्यासकांचे काम समोर येते. पुण्याच्या ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेच्या माध्यमातून त्यांनी 1980 च्या दशकात मुळशीच्या डोंगरी भागातील कष्टकरी स्त्रियांबरोबर काम करताना ओव्या जमवण्यास आरंभ केला. पुढे ते काम वाढत वाढत महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांपर्यंत गेले. तीन हजारांहून अधिक स्त्रियांनी सांगितलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या गेल्या. त्या नुसत्या वह्यांत साठवल्या नाहीत, तर कोणती ओवी कोणी सांगितली, कोणत्या गावात सांगितली आणि कोणत्या विषयाची आहे, अशा नोंदींसह त्यांचा माहितीसंच तयार करण्यात आला. माहितीसंच म्हणजे, ज्यातून हवी ती नोंद गावाच्या, व्यक्तीच्या किंवा विषयाच्या नावाने शोधून काढता येते असा सुसूत्र साठा. संगीत आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांचे अभ्यासक बर्नार बेल 1990 च्या दशकात या कामात आले आणि ओव्यांचे अंकीय ध्वनिमुद्रण सुरू झाले.

त्याच ध्वनिमुद्रणाच्या फेरीत 1996 मध्ये हा गट बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे आला. तेथील भीमनगर या वस्तीत राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्या सोबतिणींनी ओव्या गायल्या. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई, बुद्ध, धम्म आणि जातीच्या अपमानातून वर येण्याची धडपड हे त्या ओव्यांचे विषय होते. ज्या ओवीत पिढ्यान्‌पिढ्या पंढरीचा विठ्ठल होता, तिच्यात या स्त्रियांनी भीमराव आणले, छंद तोच ठेवला, चाल तीच ठेवली आणि आशय मात्र आपल्या काळाचा, आपल्या लढ्याचा भरला. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचा असा दस्तऐवज सरकारी कागदपत्रांत सापडत नाही. शेतमजुरी करणाऱ्या स्त्रीला बाबासाहेब नेमके काय वाटत होते, हे सांगणारा लेखी पुरावा किती आहे? अगदी थोडा. येथे तर तो तिच्याच आवाजात आहे.

पुढची वीस वर्षे हे ध्वनिमुद्रण अभ्यासकांपुरतेच राहिले. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहाने 2017 च्या मार्च महिन्यापासून या ओव्या क्रमाने प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, आंबेडकर जयंतीच्या महिन्यात, माजलगावच्या ओव्या जगासमोर आल्या. तोवर राईरकर आणि पॉइटवँ दोघेही हयात नव्हते. ज्या आवाजाचे श्रोते एका चौकटीच्या अंतरावर होते, तो आवाज आता मेलबर्नच्या किंवा टोरांटोच्या मराठी घरात ऐकता येतो आणि ज्याला मराठीचे एक अक्षर येत नाही, तोही त्याचा अर्थ इंग्रजीत वाचू शकतो.

ही पोहोच कशामुळे शक्य झाली? इंटरनेटमुळे, असे उत्तर सहज दिले जाईल आणि ते अर्धेच खरे असेल. या ओव्यांचे पान कसे असते, ते जरा जवळून पाहू. वर आवाज ऐकण्याची सोय असते, खाली प्रत्येक ओवी मराठीत लिहिलेली असते आणि तिचा अनुवाद दिलेला असतो. त्यानंतर गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, जात, व्यवसाय, मुले किती आणि ध्वनिमुद्रण कोणत्या दिवशी झाले, अशी नोंद येते. अपरिचित संदर्भांचा उलगडा करणारे निवेदनही असते. यातली एकही गोष्ट बटण दाबून होत नाही. ओवी ऐकून जशीच्या तशी लिहून काढणे हेच पहा. मराठवाड्यातील बोलीचे उच्चार, गाताना लांबवलेले स्वर, मध्येच येणारे बाई, गं, माझ्या असे पालुपद आणि दोघींच्या आवाजांची सरमिसळ, यांतून नेमका शब्द पकडण्यासाठी तीच ओळ पुन्हा पुन्हा ऐकावी लागते, आणि तरीही एखादा शब्द त्या गावच्याच बाईला विचारल्याखेरीज सुटत नाही. पोहोच वाढली ती या कामामुळे. माध्यमाने दार उघडले हे खरे, पण त्या दारातून बाहेर नेण्याजोगे काही वीस वर्षे आधीच कोणीतरी सिद्ध करून ठेवले होते.

आणखी एक गोष्ट. या पानावर गायिकेचे नाव आहे. वरवर लहान वाटणारी ही बाब अतिशय मोलाची आहे. लोकसाहित्याच्या नावाखाली छापल्या गेलेल्या किती संग्रहांत सांगणाऱ्या बाईचे नाव सापडते? संकलकाचे नाव मुखपृष्ठावर असते आणि सांगणारी ‘एक वृद्धा’ म्हणून प्रस्तावनेत उल्लेखली जाते. नव्या माध्यमात जागेची टंचाई नाही, त्यामुळे नाव गाळण्याची ती जुनी सबब आता उरलेली नाही. तरीही आज मोबाइलवर फिरणाऱ्या ओव्या, भारुडे, गोंधळाची पदे आणि वासुदेवाची गाणी यांच्या शेकडो चित्रफितींखाली गाणाऱ्याचे नाव नसते. ज्याने फोन धरला त्याच्या वाहिनीचे नाव मात्र ठळक अक्षरांत असते. ही जुनीच उचलेगिरी आहे. तिचे साधन तेवढे नवे आहे, आणि तिला तसेच म्हटले पाहिजे.

आता याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण घेऊ, कारण पोहोच नेहमीच हिताची असते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून होणारा एक कोयता, कारखान्याच्या आवारात किंवा फडाजवळ टाकलेल्या कोप्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर होणारे परतणे, हे सारे या सभागृहाला सांगण्याची आवश्यकता नाही. या मजूर स्त्रियांपैकी अनेकींची गर्भाशये काढली जात आहेत, ही गोष्टही गावांत पुष्कळ आधीपासून ठाऊक होती. 2019 मध्ये ती वृत्तपत्रांतून आणि तेथून ऑनलाइन माध्यमांतून देशभर गेली, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्यात सुमारे 82 हजार स्त्रियांच्या झालेल्या सर्वेक्षणात 13 हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पोहोच नसती, तर समिती नेमली गेली नसती. एवढे श्रेय माध्यमांना निःसंकोच दिले पाहिजे.

परंतु त्याच लाटेत या स्त्रियांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. त्या आकडा झाल्या, मथळा झाल्या. मासिक पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नसते, साध्या तक्रारीवर खासगी दवाखान्यात शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळतो आणि त्यासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते, ही सबंध साखळी एका मथळ्यात मावत नव्हती, म्हणून ती मथळ्याबाहेर राहिली. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांमध्ये दर हजार मुलांमागे 807 मुली, हा राज्यातील नीचांक बीडच्या नावावर लागला, तेव्हाही असेच घडले होते. जिल्हा सर्वदूर पोहोचला, पण एका वाक्याने पोहोचला. आपल्याविषयी दुसऱ्यांनी बनवलेले एक वाक्य जगभर जाणे आणि आपले म्हणणे जगापर्यंत जाणे, या दोन गोष्टींत महदंतर आहे. ते अंतर भरून काढायचे असेल, तर कोयता हाती घेणाऱ्या बाईने स्वतःच्या शब्दांत, सलग, कोणी मध्ये न तोडता बोललेले कोठेतरी उपलब्ध असले पाहिजे.

तिसरे उदाहरण सांगताना आवाज आपोआप खाली येतो. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अमानुष हत्या झाली. त्या हत्येची छायाचित्रे मार्च 2025 मध्ये समाजमाध्यमांवर आली आणि बघता बघता घराघरांतील फोनवर पोहोचली. त्या छायाचित्रांनी राज्य हादरले, न्यायाच्या मागणीला धार आली, हे नाकारता येणार नाही. पण देशमुखांच्या कुटुंबाचा, मुलांचा विचार किती हातांनी केला? छायाचित्र पुढे ढकलण्यापूर्वी किती अंगठे थबकले? आणि त्या काळात जातीजातींत विष कालवणारा जो मजकूर त्याच फोनवरून फिरला, त्याला पोहोच कमी होती काय? माजलगावच्या ओवीला जगापर्यंत जायला एकवीस वर्षे लागली, या छायाचित्रांना एक रात्रही लागली नाही. जे मंच माणूस किती वेळ खिळून राहिला यावर पैसा मिळवतात, ते क्षोभ उसळवणारी गोष्ट आधी पुढे ढकलणार, ही त्यांची रचनाच आहे. म्हणून किती लोकांनी पाहिले, या एका मापाने माध्यमाचे यश मोजणे चुकीचे आहे. जे सावकाश जाते, ते कमी मोलाचे नसते.

यालाच लागून टिकण्याचा मुद्दा येतो. ज्यांना आपण आपली माध्यमे म्हणतो, ती खासगी कंपन्यांच्या मालकीची आहेत आणि तेथील आपले वास्तव्य भाड्याच्या खोलीतल्यासारखे आहे. मालकाच्या किंवा सरकारच्या एका निर्णयाने बाडबिस्तारा रस्त्यावर येऊ शकतो. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये बंद झाले. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य तरुण-तरुणींनी आपल्या बोलीत केलेले काम त्यांच्या प्रेक्षकांसह दिसेनासे झाले. बंदीच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे नको. त्या कामाची दुसरी प्रत कोणी कोठे ठेवली होती काय, एवढाच प्रश्न आहे. कापडावरची पासोडी चार शतके टिकते आणि फोनवरची चित्रफीत चार वर्षे टिकत नाही, याचे कारण साधनांत कमी आणि जपणुकीच्या इच्छेत अधिक आहे.

येथे एक व्यावहारिक बाब सांगणे भाग आहे. बीड, अंबाजोगाई, परळी येथून निघणारी दैनिके सकाळी पीडीएफच्या रूपात व्हॉट्सअॅपवर येतात आणि दुपारपर्यंत शेकडो गटांत फिरतात. पोहोच उत्तम आहे. पण त्यातील मजकूर अनेकदा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये किंवा चित्ररूपात असल्यामुळे शोधयंत्राला तो वाचताच येत नाही. शोधयंत्र म्हणजे गूगलसारखी, शब्द दिला की मजकूर शोधून देणारी व्यवस्था. दहा वर्षांनी कोणी गेवराई किंवा धारूर असा शब्द टाकून या जिल्ह्याचा इतिहास शोधू लागला, तर त्याला मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांनी बीडविषयी लिहिलेले सापडेल आणि बीडने स्वतःविषयी लिहिलेले सापडणार नाही. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची संकेतप्रणाली, आता फुकट आणि सर्वत्र उपलब्ध आहे. तिच्यात मजकूर ठेवणे हा संपादकांच्या इच्छेचा प्रश्न आहे, पैशाचा नाही. मराठी विश्वकोशाचे खंड आज कोणालाही विनामूल्य शोधता आणि वाचता येतात, मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे, विकिस्रोत आहे. ही सार्वजनिक घरे आहेत. त्यांत बीडच्या गावांविषयी, तळ्यांविषयी, बोलींविषयी जे आहे ते फार तोकडे आहे आणि ते वाढवण्यास कोणी मनाई केलेली नाही.

शेवटी परत येण्याविषयी. पोहोच ही एकेरी वाट असू नये. पारीच्या गटाने अनेक गावांत पुन्हा जाऊन गायिकांचा शोध घेतला, काही भेटल्या, काही काळाच्या पडद्याआड गेल्या होत्या. भेटलेल्यांना त्यांचाच तरुणपणीचा आवाज ऐकवता येतो, त्यांच्या नातवंडांना तो फोनवर साठवता येतो, ही नव्या माध्यमाची खरी देणगी आहे. परंतु माजलगावच्या या ओव्या माजलगावच्या शाळांत मराठीच्या तासाला ऐकवल्या जाव्यात, बीडच्या आकाशवाणी केंद्रावरून जिल्ह्याला ऐकू याव्यात, महाविद्यालयांतील मुलांनी त्यांवर लिहावे, यासाठी मेलबर्नहून कोणी येणार नाही. आपला आवाज दूर गेला याचा अभिमान धरावा आणि तो आपल्याच गल्लीत ऐकू येत नाही याची खंत नसावी, हे योग्य नव्हे.

तेव्हा या सभागृहातील प्राध्यापक, शिक्षक आणि विद्यार्थी यांना विनंती आहे ती अगदी नेमकी आहे. साधा फोन ध्वनिमुद्रणास पुरेसा आहे. आपापल्या गावातील, विशेषतः सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांकडे जावे, कशासाठी आलो ते नीट समजावून सांगावे, त्यांची संमती घ्यावी आणि जे नको म्हणतील ते बाहेर नेऊ नये. जात्यावरच्या ओव्या, फडावरची गाणी, टोळीतील आठवणी, 1972 च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामाच्या हकिकती, यांपैकी जे त्या सांगतील ते ध्वनिमुद्रित करावे. नाव, गाव, वय आणि तारीख त्याच दिवशी लिहावी. मग बसून शब्द न् शब्द ऐकून युनिकोडमध्ये लिहून काढावा आणि एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक सार्वजनिक संग्रहात आणि एक त्या बाईच्या घरी ठेवावी. यूट्यूबवर टाकायचे ते त्यानंतर टाकावे. ज्या स्त्रिया 1996 मध्ये पन्नाशीत होत्या, त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या शैक्षणिक वर्षावर ढकलू नये.